सालेकशाच्या मंडईतली बिनविजेची गिटार

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो, लाकडी पोटाची आणि विजेशिवाय वाजणारी. कलकत्त्याच्या एका मिस्त्रीने मला घडवले. पातळ फळीचे पोट त्याने सरसाने जोडले आणि तारा पेलण्यासाठी त्यावर घोडी चिकटवली. पुढे एका रेल्वे गार्डाबरोबर मी गोंदियाला आले. बदली होऊन जाताना त्याने मला खेमराजला दिले. खेमराज सांधेवाला होता, रूळ बदलून गाड्यांना वाट करून द्यायचा. त्याच्या हातात माझी चांगली वर्षे गेली.

मग खेमराज जिथे वाजवायचा, त्या गोंदियाच्या रेल्वेच्या हॉलमध्ये कुणीतरी विजेची गिटार आणली. तिला पोटच नव्हते. तार नुसती छेडली तरी शेजारच्या विजेच्या पेटीतून आवाज हॉलभर घुमे आणि एकेक सूर कितीतरी वेळ तरंगत राही. खेमराज तिच्यावरच गाणी बसवू लागला. मी घरी भिंतीवर धूळ खात होते. सरपण संपले की आपली पाळी येईल, या धास्तीने मी चुलीकडे बघत असे.

१९४६ साली खेमराजची बदली सालेकशाला झाली. तिथे वीज नव्हती, म्हणून त्याने मला खाली काढले. मला किती आनंद झाला! पण तो टिकला नाही. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे नाचगाण्यांची जत्रा, भरणार होती. गावच्या उदाराम पाटलांनी खेमराजचे विजेच्या गिटारीवरचे वादन गोंदियात ऐकले होते. ते म्हणाले, "हॉलात वाजवलं होतं, तेच गाणं मंडईत पाहिजे. साऱ्या गावाले सांगून राहिलो मी."

खेमराज हो म्हणाला, पण घरी आल्यावर घाबरला. मागच्या मंडईत एका गाणाऱ्याचा आवाज पोचला नाही, तेव्हा लोकांनी ढेकळे मारून त्याला उठवले होते, असे त्याच्या कानावर आले होते.

त्या भीतीने त्याने माझ्या खुंट्या पिळल्या. आवाज वाढावा म्हणून तो तारांवर जोरजोरात प्रहार करू लागला. तरीही तो लांब सूर माझ्यातून निघेना. माझा सूर निघताक्षणीच विरून जाई. मग तो आणखी पिळी. माझ्या घोडीखालचा सरस कुरकुरू लागला. मित्रांनो, आपले पोट फाटणार हे कळते आणि ओरडता येत नाही, ती भीती मी तुम्हाला कशी सांगू?

एका सकाळी तार तुटली आणि खेमराजच्या गालावर सपकन बसली. रक्त आले. त्याची बायको यशोदाबाई धावत आली.

"डोळा गेला असता तं? कायले पिळून राहिले तिले? ते विजेची होय का?"

"ऐकू नाही आलं तं लोक ढेकलं मारतीन."

"मारू द्या. ढेकलानं डोळा जात नाही. तिच्या दमानं वाजवा."

खेमराजने गालावरचे रक्त पुसले. मग त्याने नवी तार लावली आणि सगळ्या तारा थोड्या सैल केल्या. गाणे खालच्या पट्टीत घेतले. जिथे विजेचा सूर लांबत असे, तिथे तोच सूर तो हळूहळू पुन्हा पुन्हा छेडू लागला. जाड तार खाली मोकळी घुमत ठेवली, म्हणजे मधली जागा रिकामी वाटेना. गाणे तेच होते, पण आता ते माझ्या अंगाला बेतले होते.

मंडईच्या दिवशी तो मला घेऊन लोकांसमोर बसला. त्याने सुरुवात केली आणि मागून ओरडा झाला, "काहीच ऐकू येऊन नाही राहिलं!" एक ढेकूळ येऊन पायाशी फुटले. पाटीलही कुजबुजले, "जोरानं वाजव ना!" खेमराजचा हात वर गेला. आता हा मारणार आणि घोडी उखडणार, असे वाटून मी हादरले.

पण त्याने हात हळूच खाली आणला. तो तसाच मऊ वाजवत राहिला. मागचे बरेच जण कंटाळून पलीकडे चाललेल्या दंडारीच्या नाचाकडे निघून गेले. उरलेले पुढे सरकले. काही म्हाताऱ्या तर अगदी माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांचे बोलणे थांबले. आणि विरत जाणारा माझा सूर शेवटपर्यंत कुणीतरी ऐकतो आहे, हे मला पहिल्यांदाच जाणवले.

खेमराज तारा पिळत होता तेव्हा घोडीखाली पडलेली बारीक चीर अजून आहे. खुंटी फिरली की आजही मला धडकी भरते. मित्रांनो, माझ्यासारखे जुने वाद्य हाती आले, तर वाजवून झाल्यावर तारा थोड्या सैल करा, त्याला उन्हात टाकू नका. आणि आवाज लहान वाटला, तर त्याला मारू नका. थोडे जवळ येऊन बसा.