धुऱ्यावरची भाजी

रुख्मिणी तापानं गेली त्याला वर्ष होत आलं होतं, आणि तेव्हापासून इंद्रभानच्या घरात दोन्ही वेळा एकच जेवण होतं: भाकर आणि ठेचा. दिवसभर वावरात राबून घरी यायचं, ओली लाकडं फुंकत बसायचं, तीन भाकरी थापायच्या. त्यातली एक करपायची, एक कच्ची राहायची. त्यापुढं काही शिजवायचं त्राण त्याच्यात उरत नसे. आठ वर्षांची पंचफुला समोर ठेवलेलं मुकाट्यानं खायची. लेकीचं पोट भरतं ना, मग झालं, असं तो मनाशी म्हणे.

श्रावण लागला तशी पोर दिवेलागणीला भिंत चाचपत चालू लागली. एकदा दारातल्या घागरीला अडखळून तिनं सगळं पाणी सांडलं. इंद्रभान तिच्यावर खेकसला. विहिरीवर पुन्हा जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

दोन दिवसांनी रिसोडची जैतुनबी बांगड्या विकायला त्यांच्या गावात, केनवडात, आली. तिनं पंचफुलाचा हात हातात घेतला आणि बांगड्या बाजूलाच राहिल्या. पोरीच्या ओठांचे कोपरे चिरले होते, केस तागासारखे झाले होते. जैतुनबीनं तिला जवळ बसवून काय खाते, दिवेलागणीला डोळ्यांना कसं दिसतं, सगळं हळूहळू काढून घेतलं. मग इंद्रभान येईपर्यंत ओट्यावरच बसून राहिली.

"इंद्रभानभाऊ, पोरीले संध्याकायी दिसत नाई. तुले मालूम हाय का?"

त्याला मालूम नव्हतं. त्यानं खांद्यावरचं औत भिंतीला टेकवलं.

"माया बहिनीच्या पोरीले असंच झालं होतं," जैतुनबी म्हणाली. "जवारीनं पोट भरते, भाऊ, पन आंग भरत नाई. रोज कोन्ती तरी हिरवी भाजी दे तिले. कोरडी देऊ नको, तेलाची धार सोडजो. वरन दे. बकरीचं दूध तू लोकाले देतं, थे आता पोरीले दे."

"भाजी कुठून आनू? बाजार आठ दिवसानं भरते."

"बाजार कायले पायजे? वावरात काय कमी हाय?"

दुसऱ्या दिवशी निंदण करताना तिचे शब्द त्याच्या डोक्यातून जाईनात. शेजारच्या वावरात म्हातारी कस्तुराबाई निंदत होती. बाईमाणसाला भाजीचं विचारायची लाज वाटत होती, पण त्यानं विचारलं. कस्तुराबाई दोन वावरांमधल्या धुऱ्यापाशी आली. त्यानं उपटून टाकलेल्या गवताच्या ढिगातून तिनं तांदुळजा वेगळा केला, घोळ वेगळी केली, कोवळं तेवढं खुडायचं म्हणून दाखवलं.

"रुख्मिनी रोज घरी जाताना ओटी भरून नेत होती," ती म्हणाली.

संसाराची बारा वर्षं त्यानं ती भाजी खाल्ली होती. ती कुठून येते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्यानं ढिगातली कोवळी भाजी धोतराच्या ओच्यात भरली.

त्या संध्याकाळी त्यानं भाजी शिजवली. पंचफुला खाऊ लागली. त्यानं स्वतः घास घेतला तेव्हा दाताखाली माती करकरली.

"माती लागते त सांगितलं काहून नाई?"

"तू थकून आला होता, बा," पोर म्हणाली.

त्यानं दोन्ही ताटल्यांतली भाजी बाहेर टाकली, वाटीभर दूध तिच्यासमोर ठेवलं आणि तोंड फिरवून चुलीतली राख सारत राहिला.

पुढं तो भाजी तीनदा पाण्यातून काढू लागला. सकाळी मूग भिजत घालून जायचा, म्हणजे संध्याकाळी लवकर शिजत. कस्तुराबाईनं जवसाची चटणी कुटायला शिकवली. गावातले लोक त्याच्या धोतराच्या ओच्यात भाजी पाहून हसायचे. त्याला राग यावा एवढीही ताकद उरलेली नसायची. वावरातलं काम काही कमी झालं नव्हतं, घरातलं तेवढं वाढलं होतं. कधी कधी भाजी चुलीवर असतानाच त्याचा डोळा लागे आणि पोर त्याला हलवून उठवी.

पोळा होऊन गेला. एका संध्याकाळी तो दारात पाय पसरून बसला होता. अंधारून आलं होतं. समोरून पंचफुला सरळ चालत आली. भिंतीला हात न लावता, वाटेतलं बकरीचं दावं ओलांडून.

"बा, कस्तुराबाईच्या वावरात अंबाडी आली. उद्या आनशील का?"

त्यानं तिचा चेहरा हातात धरला. तिच्या डोळ्यांत पाहिलं. दिवसभराच्या कामानं पाठ भरून आली होती.

"आनतो," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून त्यानं डोळे मिटले.