दोन वडांमधली वाट

भर दुपारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याच्या-त्याच्या हातात दगड. मधोमध दोन जुने वड, आणि त्यांच्यासमोर ओठ फाटलेली, रक्ताने माखलेली वागियेम. ती जामू, म्हणजे हळद-आल्याचा काढा विकायची. कापडवाल्याचं पोर तिच्या करणीने गेलं, असा बोभाटा होता.

"वड खोटं बोलत नाहीत!" पाप-पुण्याचा निवाडा करणारा गावचा बुवा, जारवोआजोबा गरजला. "मन शुद्ध असेल तो डोळे बांधूनही मधून जातो. पापी भरकटतो!"

डोळे बांधायचे, तीन गिरक्या घ्यायच्या आणि वडांमधून पार व्हायचं, हा आम्हा जाव्यातल्या लोकांचा जुना खेळ. याच चौकात राजे भाल्यांच्या कड्यात वाघ मारायचे, आणि अन्याय झालेला माणूस याच वडांमध्ये उन्हात बसून दाद मागायचा. जारवोने दाद बुडवली, मारणं तेवढं ठेवलं. मागच्या बाजाराला गामेलानची वाद्यं वाजवणारा सुगितो कोंबडीचोरीच्या संशयावरून डोळे बांधून चालला, भरकटला. पारमान खाटकाने त्याची दहाही बोटं दगडाने ठेचली.

सुगितोच्या डोळ्यांवरची पट्टी माझी होती. मी सुमिनी, वीस वर्षं इथे पट्ट्या भाड्याने देते. त्याच्या किंकाळ्या ऐकून मी मान खाली घातली होती. त्याची मला आजही लाज वाटते.

आज आधी जारवोचे तीन चेले डोळे बांधून, माना वर करून सरळ पार गेले. लोक भारावले.

"सुमिनी, आता हिच्यासाठी पट्टी दे!"

"देते की. पण आजोबा, आधी तुम्हीच चाला. तुमच्याहून शुद्ध कोण?"

"हो, हो! आजोबा चाला!" लोक ओरडले. आता नाही कसं म्हणणार? मी पट्टी बांधली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना बोळे दाबले.

"हे काय कोंबतेस गं?"

"कापूस. नाकाशेजारच्या फटीतून पायाखालची वाट दिसते ना! तुमचे चेले उगाच नाही माना वर करत."

दहा पावलं तो बरा चालला. मग डावीकडे, आणखी डावीकडे, आणि थेट टोफू तळणाऱ्या बाईच्या कढईवर. उकळतं तेल हातांवर सांडलं, तसा तो गुरासारखा ओरडला.

"ढोंगी! ठेचा त्याला!"

तेच दगड, तेच लोक. पहिल्याच दगडाने त्याचा कान फुटला. मी पट्ट्यांची पिशवी गर्दीत भिरकावली. "थांबा! आधी पट्ट्या बांधा, चालून दाखवा, मग मारा!"

पारमान तावातावाने पुढे आला. मी त्यालाही बोळे दाबून घट्ट गाठ मारली. त्याने उजवीकडच्या वडावर कपाळ फोडून घेतलं. त्याच्यामागून बाराजण गेले. एकही पार झाला नाही.

"आता सांगा, कोणाकोणाची बोटं ठेचू?" मी विचारलं.

पारमान अजून बांधल्या डोळ्यांनी चाचपडत होता. "अरे, कुणीतरी सोडा ही गाठ!"

जवळ सुगितोच बसला होता, फडक्यात गुंडाळलेले हात मांडीवर ठेवून. तो म्हणाला, "मी सोडली असती रे दादा. पण बोटं कुठायत?"

पारमान मटकन खाली बसला. लोकांच्या हातातले दगड एकेक करून खाली पडले, आणि वागियेम तोंड झाकून रडू लागली.

डोळे बांधले की कुणीही वाकडाच चालतो. झाडाला पाप-पुण्य कळत नाही. पोर डेंग्यूने गेलं होतं. दवाखान्याच्या कागदावर तसं लिहिलं होतं, पण तो कागद कुणी वाचलाच नाही. बाबांनो, दगड उचलायच्या आधी तेवढा वाचत चला.