अफ्रेड शिकलेलं बुजगावणं

मित्रांनो, मी एक जुनं बुजगावणं आहे, पण मला कमी समजू नका. मार्गासनीत सावळारामआबांच्या भातात मी उभा असतो. बांबूचे हात, मडक्याचं डोकं, चुन्याचे डोळे, अंगात आबांच्या लग्नातला कोट. भ्या घालणं हा आपला धंदा, आणि त्यात आपला हात धरणारा शिवारात कुणी न्हाई.

भ्याची इंग्रजी मला आबांच्या नातीनं, स्नेहलनं शिकवली. तिला वेल्ह्याला शाळेच्या स्पर्धेत इंग्रजीत भाषण करायचं होतं. मागल्या वर्षी लोकं बघून तिची बोबडी वळली, न बोलताच खाली उतरली. म्हणून औंदा ती रोज माझ्यापुढं घोकायची. शब्द ‘अफ्रेड’. कुणाला भ्यायचं तर पुढं ‘ऑफ’ : पाखरं माझ्या अफ्रेड ऑफ. काही करायला भ्यायचं तर ‘टू’ : स्नेहल अफ्रेड टू स्पीक. आणि ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणून एखाद्याला नकार दिला, तर त्यात भ्या नसतंच, नुसती अदब. मडक्यात मेंदू न्हाई, तरी पाठ झालं बघा.

माझ्यापुढं पोरगी फडाफडा बोलायची. पण भाषणाच्या सकाळी तिनं जायलाच नकार दिला. तवा आबांनी मला उपटलं आणि खांद्यावर टाकलं. तिची चंद्राबाई आजी बांधावरनं वरडली, भात निसवलाय, लोंब्या बाहेर आल्यात, पाखरं फस्त करतील.

"खाऊ दे एक दिस," आबा म्हणाले. "पोरीचं त्वांड उघडलं पायजे."

एसटीत कंडक्टर लियाकतनं मला खालीवर न्याहाळलं.

"आबा, ह्या पाव्हण्यांचं तिकीट?"

"पंच्याहत्तरी उलटलीय त्यांची. फुकट हाय."

"मग आधार कार्ड दावा."

"घरी ऱ्हायलं. त्वांड बघ की, खोटं वाटतं व्हय?"

गाडी हसली. स्नेहलसुद्धा.

शाळेत आबांनी मला सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकवलं. स्नेहल स्टेजवर आली. तिनं माणसांच्या डोक्यांवरनं थेट माझ्याकडं बघितलं आणि जी सुटली ती शेवटालाच थांबली. "आय वॉज अफ्रेड टू स्पीक. टुडे आय स्पोक." नंबर दुसरा आला. माझी छाती अशी फुगली की कोटातनं पेंढा बाहेर आला.

परतलो तर पाखरांनी कडेचा भात साफ केलेला. आजीनं चुना कालवला आणि माझे डोळे नव्यानं काढले.

आता परीक्षा आली की वाडीतली पोरं माझ्यापुढं रांग लावतात. पाखरं मला भितात का त्यांच्या इंग्रजीला, कळंना झालंय. म्हणून सांगतो मित्रांनो, रानात चकाकणाऱ्या पट्ट्या लावा, ना न्हाई, पण आमाला चुलीत घालू नका. पाखरं हाकलायला पट्टी पुरेल. पोराचं चुकतमाकत बोलणं न हसता ऐकून घ्यायला बुजगावणंच लागतं.