तीन घरांचा राजा

बायको गेल्यापासून मोरेश्वररावांचं राज्य अमेरिकेत तीन ठिकाणी पसरलं होतं. सनीव्हेलला देवदत्त, अर्विंगला रेणू आणि हर्नडनला थोरली पद्मिनी. ऋतू पालटला की मुलं त्यांना विमानात बसवून पुढच्या घरी धाडत, आणि हे महाराज जातील तिथे साखरेच्या डब्यात मीठ भरून, जावयाच्या बुटांत बटाटे कोंबून, आवाज बदलून फोन करून प्रजेला सळो की पळो करून सोडत.

त्या शनिवारी सकाळी पद्मिनीची सिया शाळेसाठी एरिक नावाच्या जुन्या राजाचं पोस्टर रंगवत होती. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, तिन्ही मुकुट त्याच्या एकट्याच्या डोक्यावर.

“मग काय झालं त्याचं?”

“लोक कंटाळले, आबा. फर्स्ट डेन्मार्क, देन स्वीडन. नॉर्वे लास्ट. मग तो एका आयलंडवर राहायला गेला.”

“गाढव होता. प्रजेला हसवत ठेवायचं असतं.”

सियाने पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट त्यांच्या टकलावर चढवला. “सनीव्हेल डेन्मार्क, अर्विंग स्वीडन, आपण नॉर्वे.”

झालं, म्हाताऱ्याला तेवढंच निमित्त हवं होतं. बाहेर पायरीवर, उन्हात बसून त्यांनी देवदत्तला फोन लावला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “डेन्मार्कचा राजा बोलतोय. कर पाठव.”

एरवी पोरगा ‘बाबा, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून करवादायचा. आज तो मऊपणे म्हणाला, “सॉरी काका, राँग नंबर लागलाय.”

वा, शिकला गडी. मोरेश्वरराव खूश होऊन स्वतःशीच हसले आणि त्यांनी रेणूला लावला. “रेणे, तुझा बाप बोलतोय.”

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

“काका, माझे बाबा मी कॉलेजात असतानाच गेले,” रेणू म्हणाली, आणि ते इतक्या मायेने म्हणाली, की त्यांचं हसू ओठांवरच वाळलं.

दोघं सामील आहेत, दुसरं काय. जन्मभर पेरलं ते आज उगवलं असेल. पण पद्मीला थट्टा कधी साधली नाही. ओठ कितीही आवळले तरी तिच्या डाव्या गालावर खळी पडतेच. ती एकदा पाहिली की झालं. उठले, तर दार आतून बंद. त्यांनी बेल वाजवली.

दार सियाने उघडलं. तिच्या बोटांना अजून सोनेरी रंग होता. “मॉम, कोणीतरी आलंय.”

पद्मिनी ओले हात पुसत आली. “कोण हवंय, काका?”

मोरेश्वरराव तिचा डावा गाल बघत राहिले. खूप वेळ बघत राहिले. गाल सपाट होता. मग त्यांनी मुकुट काढून सियापुढे धरला.

“नो,” ती हळूच म्हणाली, “तो तुमचाच आहे.”

दार मिटलं. ते वळले. समोरच्या पार्किंगमध्ये गाड्या नव्हत्या. पायरीपर्यंत करडं, संथ पाणी आलं होतं, दूरवर एका बेटाची रेघ दिसत होती, आणि मेलबॉक्सला बांधलेली एक छोटी होडी कुणाची तरी वाट पाहत हलकेच डुलत होती.