कोरी कॉलर

जीव लावणाऱ्यांनो, तुम्हीच तिला हरवलंत. प्रेमानं हरवलंत, म्हणून कुणी तुमच्याकडे बोट दाखवत नाही. मला बोटं नाहीत, बाह्या आहेत. त्यातली एक मी तुमच्यावर रोखतो.

मी ब्राझिलियन जिउ-जित्सूचा, म्हणजे कोट घालून जमिनीवर खेळायच्या कुस्तीचा, कोट बोलतोय. पांढरा, जाड विणीचा, दोरखंडासारख्या टणक कॉलरचा. आम्हाला शिवतात तेच मुळी धरून ओढण्यासाठी. ज्याची कॉलर विरलेली, तो आमच्यात मानाचा.

मला घेतलं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बापानं. क्लासमध्ये त्याची लेक एकटीच मुलगी. तिला जोडी नाही, म्हणून पोट आत ओढत हाही दाखल झाला. माझ्यावरचा पट्टा बांधताना त्याला धाप लागायची. लेक म्हणायची, "बाबा, श्वास सोडा. कोट कुठे पळून जात नाही."

पोरगी बुजरी. बसमध्ये दुसऱ्यानं धक्का दिला तरी माफी हीच मागायची. मास्तरांनी तिला पहिला डाव शिकवला तो कात्रीचा. आपण पाठीवर, समोरचा आपल्या पायांमध्ये गुडघ्यांवर बसलेला. एका हातात त्याची कॉलर, दुसऱ्यात बाही. कुशीवर वळून एक नडगी त्याच्या पोटावर आडवी लावायची, दुसरा पाय त्याच्या गुडघ्याशी जमिनीलगत. मग त्याला आपल्या अंगावर ओढून घ्यायचं आणि त्याचे गुडघे हलके झाले, की दोन्ही पाय कात्रीसारखे फिरवायचे. तो खाली, आपण वर.

"आधी ओढ, मग काप," मास्तर सारखं बजावत.

पण ओढायची वेळ बापानं कधी येऊच दिली नाही. तिची बोटं माझ्या कॉलरला लागायचा अवकाश, की हा कलंडलाच. वर कण्हायचाही. "पाडलंस की गं बापाला," म्हणायचा, आणि ती हसायची. त्या हसण्यासाठी हा माणूस रोज आडवा होत होता. इतका सुरेख पडायचा, की मास्तरही फसले. मला मात्र कळत होतं. माझा एकही टाका ताणला जात नव्हता. पण कोटाला कोण विचारतं?

स्पर्धेत तिनं समोरच्या मुलीला हाच डाव घातला. पाय अचूक फिरले. मुलगी हललीसुद्धा नाही. तिनं पुन्हा घातला. या वेळी समोरची तिचे पाय ओलांडून छातीवर येऊन बसली, ती वेळ संपेपर्यंत उठलीच नाही.

नंतर सरावाच्या कोपऱ्यात तिनं बापाला बोलावलं. "बसा बाबा. आज मुद्दाम पडायचं नाही."

तो बसला. दात आवळून बसला. म्हटलं, आज तरी. तिनं कॉलर धरली, बाही धरली. आणि तो पडला. सवयीनं की मायेनं, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

ती पाठीवर तशीच पडून राहिली. छताकडे बघत म्हणाली, "बाबा, मी अजून ओढलंच नव्हतं."

आता ती दुसऱ्या क्लासला जाते. तिथली जोडीदारीण आग विझवणाऱ्या पथकातली आहे, फुकटची पडत नाही. लेकीच्या कोटाची पार दशा झालीय. तो दोरीवर वाळत असला, की मी दारामागच्या खुंटीवरून त्याच्याकडे बघतो आणि जळतो. बाप येताजाता माझी बाही नीट करतो.

ज्यांच्यावर तुमचा जीव आहे ना, त्यांच्यासमोर घट्ट बसा. त्यांना दमू द्या, चिडू द्या, ओढू द्या. आणि खरंच पडाल तेव्हा कण्हू नका.

काल बाप आम्हा दोन्ही कोटांना घेऊन शिवणवाल्या बाईंकडे गेला. लेकीच्या कोटाची कॉलर फाटलीय, तिला या माझ्या कोटाचं कापड लावा, म्हणाला. मला वाटलं, चला, निदान ठिगळ होऊन तरी तिच्या कामी येईन. बाईंनी कात्री उचलली, मला उलटसुलट केलं, कॉलर दोन बोटांत दाबून पाहिली आणि कात्री खाली ठेवली.

"हा कशाला कापायचा, दादा? याला तर अजून कुणी धरलेलंच नाही."