आईच्या नावावर

नागरिकत्वाच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर बसणारे भाऊसाहेब नाकासमोर चालणारे गृहस्थ होते. ते कुणाचा चहासुद्धा घेत नसत, आणि कुणी वशिल्याचं नाव काढलं की ऐकूच न आल्यासारखं करत. अर्ज पुढे आला की पहिला प्रश्न ठरलेला, "वडिलांचा दाखला?" तो नसला की अर्जावर नामंजुरीचा शेरा. एकवीस वर्षं हेच चाललं होतं, आणि यात काही चुकतंय असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

एका सोमवारी बंदरावर क्रेन चालवणारी एक बाई आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन खिडकीशी आली. मुलीला नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती, पण नऊ दिवसांत नागरिकत्वाचा दाखला दिला नाही तर ती जागा जाणार होती. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. तिचे वडील मात्र परदेशी. ती दोन वर्षांची असताना ते मायदेशी गेले ते गेलेच; पुढे त्यांचा ठावठिकाणा लागला नाही.

बाईनं स्वतःची सगळी कागदपत्रं पुढे सरकवली. भाऊसाहेब म्हणाले, यांचा काही उपयोग नाही, मूल वडिलांच्या देशाचं धरतात. बाईनं आवाज चढवला नाही.

"साहेब, जन्मदाखल्यावर आई म्हणून माझं नाव आहे. मी इथली आहे, हेही तुम्हाला मान्य आहे. मग माझी लेक परकी कशी?"

"नियमच तसा आहे, बाई."

"मग त्या नियमाचा नंबर लिहून द्या."

मागणी रास्त होती, पण भाऊसाहेबांना नंबर काही आठवेना. उद्या या, असं सांगून त्यांनी दोघींना पाठवलं आणि जेवणाच्या सुट्टीत तळमजल्यावरची रेकॉर्डची खोली गाठली. तिथली कारभारीण निवृत्तीला आली होती. सगळी कचेरी तिला अक्का म्हणे. अक्कानं अर्धा डबा बाजूला ठेवला, हात धुतले आणि एक परिपत्रक काढून त्यांच्यापुढे धरलं. आई किंवा वडील, दोघांपैकी कुणीही एक नागरिक असेल तर मूल नागरिक! तारीख चार वर्षांपूर्वीची. आणि वाचल्याच्या सह्यांमध्ये सहावी सही खुद्द भाऊसाहेबांची.

 मग त्यांनी सारवासारव सुरू केली. सह्या काय, रोज वीस कागदांवर कराव्या लागतात. वरच्यांनी समजावून सांगायला हवं होतं. शिवाय घराणं बापाकडून चालतं, हे काय आजचं आहे? अक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"हा कायदा बदलून घ्यायला बायकांनी पंधरा वर्षं कोर्टाचे उंबरे झिजवले," ती म्हणाली. "आणि तू तो चार वर्षं खिडकीत अडवून धरलास. तुझ्या मनात वाईट नव्हतं, कबूल. पण ज्याची संधी गेली, त्यानं तुझ्या चांगल्या मनाचं काय करायचं? तुला दोन मुली आहेत ना रे? उद्या त्यांच्यातल्या एखादीनं परदेशी जावई आणला, तर आपल्याच नातवंडाला पाहुणा म्हणशील?"

भाऊसाहेबांनी परिपत्रकाचा नंबर उतरवून घेतला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते बंदरावर गेले. क्रेनवाली उंचावरच्या केबिनमध्ये होती. पाळी संपून ती शिडीवरून उतरेपर्यंत ते खाली उन्हात उभे राहिले. चूक माझी होती, असं स्वच्छ सांगून त्यांनी हात जोडले. तिनं हातमोजे काढले, घाम पुसला आणि एवढंच विचारलं, "माझ्यासारख्या आधी ज्या परत गेल्या, त्यांचं काय?"

या प्रश्नानं त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार वर्षांतल्या नामंजूर अर्जांचा गठ्ठा सोडला. आईच्या नावावर मंजूर व्हायला हवे होते असे एकसष्ट अर्ज निघाले. एका अपंग मुलाला सरकारी भत्ता नाकारला गेला होता. एका मुलीला पासपोर्ट मिळाला नाही, म्हणून सीमेपलीकडच्या आजारी आजीला भेटता आलं नव्हतं. प्रत्येक अर्जावर भाऊसाहेबांच्याच वळणदार अक्षरातला शेरा होता. गठ्ठा घेऊन ते मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले. त्यांच्या नोंदवहीत लाल शाईचा ठपका बसला, पण अर्ज पुन्हा उघडायची परवानगी मिळाली. एकसष्ट घरी पत्रं गेली.

क्रेनवालीच्या लेकीला आठव्या दिवशी दाखला मिळाला. वर्षभरात त्या एकसष्टांपैकी त्रेचाळीस जणांना मिळाला; बाकीच्यांचे पत्ते बदलले होते, त्यांचा शोध चालू राहिला. अपंग मुलाचा भत्ता सुरू झाला. आजी मात्र तोवर गेली होती. ती भेट कुठल्याही शिक्क्यानं परत येणार नव्हती, आणि भाऊसाहेबांनी ते त्या मुलीच्या आईपाशी मान खाली घालून कबूल केलं.

वाचकहो, कायदा बदलला की काम संपलं, असं आपण समजतो. पण जुनी सवय कायद्यापेक्षा चिवट असते. ती कचेरीत असते, तशी आपल्या घरातही असते. बाई जर या देशाची पूर्ण नागरिक आहे, तर तिच्या नावावर तिच्या लेकराला घर, वाट आणि आधार मिळालाच पाहिजे. ही काही तिच्यावरची मेहेरबानी नव्हे. ते तिचंच आहे, आणि आपण फक्त आडवा धरलेला हात बाजूला घ्यायचा आहे.