दहा लाख एकचा संशय

कासव म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याच वर्गातला. बुटाची नाडी बांधायला त्याला पाच मिनिटं लागतात. म्हणून चौऱ्याऐंशी भागाकार दोन दिवसांत उरकले असं तो म्हणाला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकलीच.

शाळेच्या जिन्यापाशी एक मोठी मूळ संख्या रंगवायची होती आणि ती मी निवडली होती. १०००००१. कुठूनही वाचा, सारखीच. इतकी देखणी संख्या कशाला कोणाच्या पाढ्यात सापडेल? पण गणिताच्या बाई देखणेपणावर भाळणाऱ्या नाहीत. हजारच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी हाताने भागून बघा म्हणाल्या. एकीनेही पूर्ण भाग गेला नाही, तर ती नक्की मूळ. लहान निम्म्या मी घेतल्या, मोठ्या कासवाला दिल्या. शुक्रवारी पेंटरकाका येणार आणि सगळ्या शाळेपुढे मी बोलणार. गेल्या वर्षी हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नव्हता. आता भाषण तोंडपाठ होतं.

आणि बुधवारी मी काय पाहिलं, तर कासव माझी वही माझ्या दप्तरात परत ठेवतोय. विचारलं तर खोडरबर हवा होता म्हणे. त्याच्याकडे तीन आहेत.

संध्याकाळी त्याची वही मागून आणली आणि एकेक भागाकार तपासला. आई म्हणाली, चोर पकडतेयस का गं? मी म्हटलं, हो. पण चोर सापडेना. पठ्ठ्याने प्रत्येक भाजकाचा पाढा आधी समासात मांडला होता, म्हणून एवढा वेग. एकही चूक नाही. मग माझ्या वहीत काय केलं याने?

गुरुवारी सकाळीच त्याला जिन्यात गाठलं.

"एक टिंब दिलंय फक्त," तो म्हणाला. "तुझं तुला दिसावं म्हणून. मी सांगितलं असतं तर तू मला खाल्लं असतंस."

टिंब १०१ पाशी होतं. माझ्या सुवाच्य अक्षरात: भागाकार ९९००, बाकी १०१. बाकी भाजकाएवढीच! म्हणजे आणखी एकदा भाग जातो. ९९०१, बाकी शून्य.

टिंब खोडता आलं असतं. भिंतीवर पेन्सिलीने आकडेही काढून झाले होते. कासव कोणाला बोलला नसता. नसता ना? मी सरळ बाईंकडे गेले आणि वही पुढे ठेवली.

नवे एकशे अडुसष्ट भागाकार करायला वेळ कुठे होता? कासव सावकाश म्हणाला, "शेवटच्या एकाचा तीन करू. संख्या दोनाने वाढली, तर प्रत्येक बाकीत दोन मिळवायचे. भाग कुठे पूर्ण जातो का तेवढं बघायचं."

वह्या बदलून बसलो. शेवटची घंटा होईपर्यंत सगळ्या बाक्या बघून झाल्या; भाग कुठेही पूर्ण गेला नाही.

शुक्रवारी भाषणात मी आधी माझ्या १०१ चा पराक्रम सांगितला. सगळे हसले, मीही हसले. पेंटरकाका कुरकुरत एकाचा तीन गिरवत होते, तेव्हा कासव पायरीवर माझी वही उघडून बसला होता. पुन्हा एकदा बघतोय म्हणाला.

मी त्याची उघडली.